शब्दांची सोयरीक : चिनी विद्यार्थी आणि इंग्रजी

आमची मुले इंग्रजीचे शेकडो शब्द पाठ करतात. पण चार वाक्ये लिहावयाची वेळ आली की अडखळतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. चीनमधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांपुढेही हीच अडचण उभी राहिली. तिचा इतिहास आपल्यालाही उद्बोधक आहे.

अफूच्या युद्धांत पराभव झाल्यावर चिनी दरबाराला परकी भाषा जाणणाऱ्या माणसांची निकड भासली. म्हणून १८६२ साली पेकिंग येथे ‘टोंगवेन ग्वान’ ही भाषाशाळा निघाली व तेथे प्रथम इंग्रजी शिकविली जाऊ लागली. १९४९ च्या क्रांतीनंतर काही वर्षे रशियन भाषेला अग्रस्थान मिळाले. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत विद्यापीठांची प्रवेश परीक्षाच बंद पडली. १९७७ साली ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुमारे ५७ लाख तरुण परीक्षेस बसले आणि प्रवेश मिळाला तो सुमारे २ लाख ७० हजारांना! पुढे १९८७ पासून विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची देशव्यापी परीक्षा घेण्यात येऊ लागली. साहजिकच शब्दांच्या याद्या पाठ करण्याची चढाओढ लागली.

पण शब्द एकटा राहत नाही, त्याची सोयरीक ठरलेली असते. चिनी भाषेत पाऊस ‘मोठा’ असतो, तर इंग्रजीत तो ‘हेवी’ म्हणजे जड असतो. चिनी माणूस औषध ‘खातो’, दिवा ‘उघडतो’ आणि ज्ञान ‘शिकतो’. म्हणून तेथील विद्यार्थी ‘लर्न नॉलेज’ असे लिहून जातो. दोन्ही शब्द बरोबर, पण जोडी चूक! आपणही याला अपवाद नाही. आपल्याकडे परीक्षा ‘देतात’. म्हणून आपला विद्यार्थी ‘गिव्ह’ म्हणतो, इंग्रज मात्र ‘टेक’ म्हणतो.

शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, हा विचार इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये मांडला. हे गृहस्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. चीनमध्ये ग्वेइ शिचुन व यांग हुइझोंग या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या लेखनातील सुमारे दहा लाख शब्दांचा संग्रह करून त्यातील चुकांवर खुणा केल्या. हे काम २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे चूक कोठे होते हे अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने पाहता येऊ लागले.

यावरून पाठांतर वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. संपूर्ण उतारे मुखोद्गत करण्याची चीनमध्ये जुनी परंपरा आहे, आणि उताऱ्याबरोबर शब्दांच्या जोड्याही आपोआप जिभेवर बसतात. सुट्या शब्दांची यादी मात्र हे काम करीत नाही. प्रश्न पाठांतराचा नसून काय पाठ करावे याचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, वहीत नवा शब्द टिपताना त्याचा सोबतीही टिपा. आणि पालकांनो, मुलाला ‘आज किती शब्द पाठ केलेस?’ असे विचारण्याऐवजी ‘त्या शब्दाचे एक वाक्य सांग’ असे म्हणा. स्वतःला इंग्रजी येत नसले, तरी एवढे प्रत्येक आईबापाला करता येईल.