अंधाराचा राजपुत्र आणि काळी वायर

बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात 1860 च्या सुमारास जोसेफ लुकस नावाचा एक माणूस हातगाडीवर रॉकेल विकत फिरायचा. रॉकेलावरून तो कंदिलांकडे वळला, कंदिलांवरून सायकलच्या दिव्यांकडे. 1879 साली त्याने सायकलचा जो दिवा काढला त्याचं नाव होतं ‘किंग ऑफ द रोड’. 1902 मध्ये जोसेफ वारला तेव्हा मोटारी नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या बहुतेक मोटारींचे डायनॅमो, सेल्फ, कॉइल, डिस्ट्रिब्युटर, दिवे आणि स्विच त्याच्याच कंपनीतून येऊ लागले. आणि रस्त्याच्या राजाचं लोकांनी बारसं केलं ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’, म्हणजे अंधाराचा राजपुत्र. ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्या माणसाला लुकसवरचा एखादा तरी विनोद येतोच.

मला हे विनोद फारसे पटत नाहीत. माझा उभा जन्म मोटारींच्या वायरिंगमध्ये गेला, तोही पुण्यात, नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजाराला लागून. जुन्या दोन सीटच्या गाड्या माझ्याकडे येत राहिल्या, कारण त्या घ्यायला दुसरं कुणी फारसं तयार नसायचं. त्यांत जळालेली कॉइल किंवा मेलेला डायनॅमो क्वचित निघाला. निघायचा तो गंज, ढिला झालेला टर्मिनल, कुणीतरी मधेच पिळून चिकटपट्टी लावलेला जोड. आणि सगळ्यात जास्त वेळा निघायचा अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे परतणारी विजेची वाट.

मुळात गाडी सुरू करणं हे विजेचं कामच नव्हतं. हँडल मारायचं, ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. ठिणगीची सोय मॅग्नेटो करायचा. बॉशच्या गॉटलोब होनोल्डने 1902 मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणला आणि बरीच वर्षं शर्यतीच्या गाड्या त्याच्यावरच पळाल्या, कारण त्याला बॅटरी लागत नाही. मग अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ बसवला. त्यानंतर गाडी सुरू होणं बॅटरीच्या हातात गेलं आणि आमच्या धंद्याची पाटी लागली.

गिऱ्हाईक गाडी आणतं किंवा माणूस पाठवतं तेव्हा त्याची तक्रार ठरलेल्या बोलीत असते. ‘सेल्फच घेत नाही’ हा एक रोग. ‘सेल्फ घेते पण पकडत नाही’ हा दुसरा. ‘काहीच होत नाही’ हा तिसरा. आमचे उस्ताद या वाक्याशिवाय बॉनेट उघडू द्यायचे नाहीत. वाक्य ऐकलं की अर्धी गाडी बाजूला पडते, उरलेल्या अर्ध्या गाडीतच शोधायचं.

उदाहरणाला एमजीबी ही ब्रिटिश दोन सीटची गाडी घेऊ. 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या पाच लाखांहून जास्त बनल्या. सुरुवातीच्या एमजीबीला एक नाही, दोन बॅटऱ्या असतात, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे जमिनीत झाकणाखाली. दोन्ही एकामागे एक जोडून बारा व्होल्ट होतात. त्यांना जोडणारी केबल गाडीच्या पोटाखालून जाते आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल झेलते. म्हणून काहीच होत नसेल तर पहिली नजर तिथे. मग हेडलाइट लावायचे आणि किल्ली फिरवायची. दिवे एकदम बसले तर बॅटरी उतरलेली आहे, किंवा जोड खराब आहे, किंवा सेल्फ अडकलाय. दिवे तसेच लखलखीत राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, सोलेनॉइड बघा, स्विच बघा. मीटर काढण्याआधीच एवढं कळतं.

अडकलेला सेल्फ ही त्या काळातली खास गंमत. पहिल्या एमजीबीत बेंडिक्स असायचा. सेल्फ फिरला की छोटं दातेरी चाक झटक्याने पुढे जाऊन फ्लायव्हीलच्या दातांत बसणार. दात झिजले की ते तिथेच रुतून बसायचं. लुकसवाल्यांना हे माहीत होतं, म्हणूनच सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली चौकोनी दांडा ठेवलेला असे. पाना लावून तो थोडा फिरवला की चाक सुटायचं. पाना नसेल तर गाडी गिअरमध्ये टाकून मागेपुढे हलवायची. ज्या कंपनीने आपल्या मालाचं दुखणं ओळखून त्यावरचा उपाय मालातच ठेवला, तिला नुसतं हसायचं म्हणजे जरा अतीच.

सेल्फ घेते पण पकडत नाही, तेव्हा आधी कान लावायचा. किल्ली दिली की मागच्या उजव्या चाकाच्या पुढून पेट्रोलच्या एसयू पंपाची टिकटिक यायला हवी. कार्ब्युरेटर भरले की ती थांबते. टिकटिक नाहीच, तर पंपाचे पॉइंट चिकटलेत, हातोडीच्या दांड्याने पंपाला हलकी टपली द्यायची. टिकटिक ठीक असेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची. पॉइंटमधली फट पंधरा थाऊच्या आसपास हवी, मिलिमीटरमध्ये साधारण 0.35 ते 0.40. कंडेन्सर गेला असेल तर पॉइंट जळून काळे पडलेले असतात आणि ठिणगी पिवळट, मरतुकडी येते. निळी, कडक आवाजाची ठिणगी आली की इग्निशनला रामराम करून पेट्रोलकडे वळायचं.

हे सगळं शोधता येतं ते रंगांमुळे. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी किल्लीनंतरची पण फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून आलेली पण कायम चालू, काळी अर्थची. पांढऱ्यावर लाल रेघ असेल तर ती सोलेनॉइडला जाते. आमच्या दुकानातल्या पोरांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, पण ही भाषा ती बिनचूक वाचायची. आणखी एक मेख लक्षात ठेवायची. पांढऱ्या वायरला फ्यूजच नाही. कॉइल आणि पंप हे गाडीचे प्राण, फ्यूज उडून ते रस्त्यात थांबू नयेत हा हिशेब. पण तीच पांढरी वायर कुठे बॉडीला घासली तर धूर निघेपर्यंत कुणी तिला अडवत नाही.

आता काळी वायर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे. तिकडच्या इंजिनिअरांचा युक्तिवाद असा की त्याने टर्मिनल कमी गंजतात आणि प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून ठिणगी सहज उडते. पुढे अल्टरनेटर आले. त्यातल्या डायोडला उलटा करंट क्षणभरही सोसत नाही, ट्रान्झिस्टरच्या रेडिओचंही तेच, म्हणून साठच्या दशकात बहुतेक सगळे निगेटिव्ह अर्थवर आले. जग्वारची ई-टाइप 1964 च्या 4.2 मॉडेलपासून बदलली, एमजीबी 1967 च्या सुमाराला. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या शेजारी उभ्या असतील आणि एकीची बॅटरी दुसरीच्या नेमकी उलट. जंप केबल जोडण्याआधी बॉडीला कोणती तार गेलीय हे बघायचं, ही आमच्याकडे उंबरठ्यावरची शिकवण.

अर्थचं खरं नाटक इंजिनाखाली चालतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही. सेल्फ तर इंजिनाला बोल्टने आवळलेला, मग परतीचा करंट बॉडीत यायचा कसा? त्यासाठी विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी असते. क्लच बदलताना मेकॅनिक ती सोडतो आणि परत लावायला विसरतो. गाडी आमच्याकडे येते, बॅटरी नवी, सेल्फ नवा, आणि किल्ली दिली की नुसता कण्हण्याचा आवाज. शेकडो अँपिअरचा करंट वाट शोधत चोकच्या केबलमधून जायला बघतो. उस्ताद अशा वेळी म्हणायचे, “मीटर ठेव खाली, आधी हात लाव.” चोकची केबल चटका देत असे, कधी तिच्या आवरणाला धूरही सुटे. जिथे गरम, तिथे जोड खराब. मीटरने हेच करायचं तर सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत व्होल्ट मोजायचे. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर रोग तिथेच. बंद गाडीत नुसता ओहम मोजून हा दोष सापडत नाही, कारण चार तंतू शाबूत असलेली पट्टीही मीटरला ठणठणीत वाटते. लोटसच्या एलानची तर बॉडीच फायबरग्लासची. तिथे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर, आणि प्रत्येक वायर म्हणजे एक जास्तीचा जोड.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि स्पोर्ट्‌स कार होत्या तेवढ्याच उरल्या. त्या तगल्या त्या ॲम्बॅसिडरच्या जिवावर. एमजीबीच्या आधीच्या एमजीएचं 1489 सीसीचं इंजिन आणि ॲम्बॅसिडरचं इंजिन एकाच घराण्यातलं, त्यामुळे बरंच सामान ॲम्बॅसिडरच्या दुकानात मिळायचं. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ स्पिटफायरची सख्खी नातलग. आणि 1961 मध्ये मद्रासलाच लुकस-टीव्हीएस उभी राहिली, तेव्हा अंधाराच्या राजपुत्राचा मुक्काम इथेच पडला. ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांनी त्याला कधी त्या नावाने हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

इलेक्ट्रॉनिक्स आलं तसं आमचं काम ऐकण्यावरून वाचण्यावर गेलं. अमेरिकेत 1996 पासून प्रत्येक नव्या मोटारीला दोषांचे कोड वाचायचं ओबीडी-टूचं सॉकेट लागलं, आपल्याकडे त्याची सक्ती 2013 ला झाली. युरोपात 1998 पासून इमोबिलायझर सक्तीचा झाला. आता गाडी सेल्फ घेते, पकडते आणि दोन सेकंदांत बंद पडते, कारण किल्लीतल्या चिपची ओळख पटली नाही. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, परवानगी नाही. स्कॅनर लावला की कोडांची रांग लागते. ती वाचत बसणाऱ्या पोरांना मी आधी बॅटरीचे व्होल्ट बघायला लावतो. सेल्फ फिरताना ते नऊच्या खाली गेले तर एकेक कंट्रोल युनिट गोंधळतं आणि नसलेले रोग कळवतं.

या नव्या गाड्या बहुतेक बेसमेंटमध्ये उभ्याच असतात. अलार्म आणि कंट्रोल युनिट मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-अवर जातात, पंचवीस दिवसांत 60 अँपिअर-अवरची बॅटरी अर्धी. 997 पिढीच्या पोर्शे 911 ची बॅटरी पुढच्या झाकणाखाली असते आणि ते झाकण विजेवर उघडतं. बॅटरी उतरली की बॅटरीपर्यंत पोचायचंच कसं? म्हणून ड्रायव्हरच्या पायापाशी फ्यूजबॉक्समध्ये एक पॉझिटिव्ह टर्मिनल ठेवलंय. ते बाहेर ओढायचं, दुसऱ्या बॅटरीचा पॉझिटिव्ह त्याला लावायचा आणि निगेटिव्हचा चिमटा दाराच्या लोखंडी अडकणीला. अडकणीवर रंग असेल तर तो आधी खरवडायचा.