यंत्राचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या कानांवर पडतो तो बहुधा देवळांच्या, घाटांच्या किंवा विहिरींच्या संबंधाने. नोकरीच्या निमित्ताने काशीस किंवा गयेस जाऊन पडलेल्या मराठी माणसास अहल्याबाई होळकरांचे नाव तेथे ऐकावयास मिळते, आणि परमुलखात आपल्या घरचे कोणी भेटल्यासारखे त्याला वाटते. काशीविश्वेश्वराचे आजचे देऊळ त्यांनी १७८० मध्ये बांधविले. असा हा भारदस्त शब्द परसात नांगरट करणाऱ्या, गंजून गेलेल्या दुचाकी ट्रॅक्टरास लावला, तर वाचकांस थोडे हसू येईल. परंतु जीर्ण वस्तूचा उद्धार करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न ह्या क्षुद्र यंत्राच्या बाबतीत जितका स्पष्ट उभा राहतो तितका देवळाच्या बाबतीतही राहत नाही.

ह्या यंत्राचा जनक बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली हा पेशाने छायाचित्रकार होता. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया संस्थानात चार्ल्सटन येथे त्याचा स्टुडिओ होता आणि घरामागे एक बाग होती. त्या बागेत हाताने ढकलावयाचा नांगर चालविता चालविता तो कंटाळला, आणि ‘इंडियन’ नावाच्या जुन्या मोटरसायकलचे भाग त्या हातनांगराला जोडून त्याने प्रयोग आरंभिले. कित्येक वर्षे हा खटाटोप चालला. १९१६ साली त्याला आपल्या ‘मोटर नांगरा’चे पेटंट मिळाले, आणि १९२२ मध्ये डनबर ह्या गावी कारखाना निघाला. पहिले यंत्र एकाच चाकावर चालणारे होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात दोन चाकांचे ‘मॉडेल एल’ आले आणि तेच ग्रेव्हलीच्या कीर्तीचा आधार झाले.

‘मॉडेल एल’ची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. एका सिलिंडरचे, सुमारे पाच अश्वशक्तीचे एंजिन. त्यापासून चाकांपर्यंत आणि पुढच्या अवजारापर्यंत सगळी शक्ती दातेरी चक्रांनी जाते, मध्ये पट्टा म्हणून नाही. माणूस मागून दोन मुठी धरून चालतो, आपला शेतकरी रुमणे धरून चालतो तसाच. नांगर काढून गवत कापण्याचे पाते लावावे, ते काढून बर्फ लोटण्याचे फळे लावावे. बारा महिने यंत्र रिकामे राहत नाही. स्वतः ग्रेव्हली १९५३ साली वारला. १९६० मध्ये त्याची कंपनी स्टूडबेकर ह्या मोटार कारखान्याने घेतली आणि १९८२ मध्ये ती एरियन्स कंपनीकडे गेली. दुचाकी यंत्रांचे दिवस मागे पडले, लोक बसून चालवावयाच्या यंत्रांकडे वळले, आणि हजारो ‘मॉडेल एल’ गोठ्यांच्या मागे व कोठारांच्या कोपऱ्यांत जाऊन पडली.

तेथून ती बाहेर काढणारे हौशी लोक अमेरिकेत आज पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. यंत्र हाती लागताच ते चालू करण्याचा मोह प्रथम आवरावा लागतो. ह्या यंत्रात एंजिनाचे आणि गिअरपेटीचे तेल एकच असते. म्हणून आत पाणी शिरले असेल तर एकाबरोबर दुसऱ्याचाही नाश होतो. आधी खालचे बूच उघडून काय गळते ते पाहावयाचे. नंतर एंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढावयाचे. तेथे उंदरांनी घरटे केलेले बहुधा सापडतेच. दट्ट्या सिलिंडरला धरून बसला असेल तर वरून गंज सोडविणारे तेल ओतावयाचे आणि वाट पाहावयाची. एक दिवस, आठ दिवस, प्रसंगी महिना. मधून मधून फ्लायव्हील हाताने किंचित मागेपुढे करावयाचे. येथे हातोडा उचलणाऱ्याच्या पदरी फुटका दट्ट्या येतो. मग कार्बुरेटरमध्ये पेट्रोल आटून झालेला डिंकासारखा थर धुवावयाचा, मॅग्नेटोचे काळवंडलेले स्पर्शबिंदू घासून साफ करावयाचे, आणि ठिणगी निळी पडते की नाही ते अंधारात पाहावयाचे. शेवटी कप्पीवर पट्टा गुंडाळून ओढावयाचा. कित्येक वर्षे मुके असलेले एंजिन पहिल्यांदा धूर ओकून बोलू लागते, तेव्हा भोवतालच्या माणसांना जो आनंद होतो तो केवळ यंत्रज्ञाचा नसतो.

खरा प्रश्न ह्यापुढे उभा राहतो. यंत्र चालू झाले. आता त्याचे रूप काय करावयाचे? एक पक्ष म्हणतो, सगळा रंग खरवडून काढावा, कारखान्यातून निघाले त्या दिवशी जसे होते तसे चकचकीत करावे. दुसरा पक्ष म्हणतो, गंज थांबवावा आणि बाकी सगळे राहू द्यावे. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा वाद वाटतो, पण इतिहासाशी ज्याचा थोडाबहुत परिचय आहे त्याला त्यातील मर्म सहज कळेल. मूठ एका बाजूला अधिक झिजलेली असते, कारण धरणारा डावखुरा असावा. एखादा तुटलेला दांडा गावच्या लोहाराने ओबडधोबड सांधलेला असतो, कारण कारखान्याकडून नवा मागविण्याइतके पैसे त्या वर्षी घरात नसावेत. एका खिळ्याच्या जागी तार असते. कारखान्याच्या जाहिरातीत ह्यांपैकी काहीच नसते. आपण सरकारी दप्तरे हाताळणारी माणसे आहोत. मूळ पत्रापेक्षा त्याच्या समासात दुसऱ्या हाताने लिहिलेला शेरा कित्येकदा अधिक सांगून जातो, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. लोहाराचा तो सांधा म्हणजे यंत्रावरचा शेरा होय. तो घासून टाकणारा मनुष्य यंत्र सुंदर करतो आणि कागद मात्र कोरा करतो.

तरीही पहिल्या पक्षाचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. काशीचे देऊळ अहल्याबाईंनी पडक्या स्थितीत जपून ठेविले नाही. ते उभारले, कारण तेथे पूजा चालावयाची होती. देवळाचे देवळपण पूजेत, तसे नांगराचे नांगरपण नांगरण्यात. म्हणून मला मध्यम मार्ग योग्य वाटतो: जे काम अडविते ते बदलावे, जे केवळ डोळ्यांना खुपते ते राहू द्यावे, आणि जे बदलले त्याची नोंद करून जुना भाग पेटीत घालून ठेवावा.

हे सारे परदेशी कौतुक झाले असे कोणी म्हणेल. पण ग्रेव्हलीची हकीकत वाचताना मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तेही मुळात चित्रकार व्हावयास निघालेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असता रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. पुढे ते यंत्रचित्रे काढावयास शिकवू लागले, बेळगावात सायकलींचे दुकान काढते झाले आणि अखेरीस लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांच्या गळी तो नांगर उतरविणे किती कठीण गेले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १९१० मध्ये बेळगाव सोडून त्यांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. त्यांना आश्रय देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः नामांकित चित्रकार होते! एक छायाचित्रकार व एक चित्रकार, सातासमुद्रांच्या अंतरावर, साधारण एकाच काळी मातीकडे वळले. ज्याला रेषा आणि आकार नीट दिसतो त्याला वाकलेल्या पाठीची रेषाही दिसत असावी, एवढेच मी त्यावर म्हणेन.

तात्पर्य सांगावयाचे ते आपल्यासारख्यांसाठीच. आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर वर्षातून एकदा निरुपयोगी सामानाची यादी सहीसाठी येते. तीत ‘जुने एंजिन, नादुरुस्त, एक’ किंवा ‘लोखंडी अवजारे, वजनी’ अशी ओळ असते. आपण सही करतो आणि ती ओळ भंगारवाल्याच्या तराजूत जाते. सगळेच राखून ठेवणे शक्य नाही, हे मलाही कळते. परंतु सही करण्यापूर्वी एकदा खुर्चीवरून उठून कोठारापर्यंत जावे, धूळ पुसून बिल्ल्यावरचे नाव आणि क्रमांक वाचावा, आणि मूठ कोणत्या बाजूला झिजली आहे ते पाहावे. त्यास पाच मिनिटे लागतात. मग सही करावयाची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.