माळवद, कोबा आणि काच

सपाट छपराचा इतिहास सहसा गळतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो वजनाचा इतिहास म्हणून वाचला तर अधिक उलगडतो. उतरत्या कौलांवरून पाणी ओघळून जाते. सपाट छपरावर ते रेंगाळते, आणि रेंगाळणाऱ्या पाण्यावर जुन्या बांधकामाने जवळजवळ सगळीकडे एकच उपाय केला, थर जाड केला. तोच जाड थर ऊनही थोपवत असल्याने उपाय दुहेरी फायद्याचा वाटला. पण जाडीबरोबर वजन आले आणि त्या वजनाचा हिशेब कुणी मांडला नाही. पाणी, ऊन आणि वजन यांची ही गाठ विसाव्या शतकात सुटली. ती सोडवणाऱ्या पदार्थांत फुगवलेल्या काचेची, म्हणजे सेल्युलर ग्लासची, कामगिरी मला सर्वांत चोख वाटते. ती का, हे पाहायचे तर सुरुवात मराठवाड्यातल्या मातीपासून करावी लागते.

लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), सोलापूर या पट्ट्यात कोकणाच्या मानाने पाऊस फारच थोडा पडतो आणि उन्हाळा मात्र कडक. त्या हवेला माळवदाचे घर नेमके जुळत होते. जाड दगडी भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर कडीपाट, पाटांवर पाला किंवा काटक्यांचा थर आणि वर कुटून बसवलेली माती. सर्वांत वरचा हात पांढऱ्या मातीचा. ही माती गावठाणातल्या जुन्या पांढरीतून आणायची. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी खाली उतरण्याआधी पन्हळीकडे वळते. या रचनेत मोठी समज आहे. सिमेंट नाही, डांबर नाही, तरी घर कोरडे आणि दुपारी गार. मात्र पावसाने वरची माती थोडी वाहून जाई, उन्हाने तडे पडत, म्हणून मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती खरवडून काढण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नसे. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढत गेले आणि काही घरांवर मातीची जाडी दीड-दोन फुटांवर गेली. दीड फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर ढोबळमानाने 700 किलो, तीही कोरडी असताना.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीच्या भूकंपात ही घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 8 हजार माणसे गेली. यावर एक रास्त आक्षेप आहे: दोष छपराचा नव्हता, भिंतींचा होता. आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत न गुंतवता, मधल्या पोकळीत मुरूम-माती भरून रचलेल्या त्या भिंती धक्क्यासरशी फुटल्या. हे खरे आहे. पण भिंतीला बसणारा आडवा धक्का तिच्यावरच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्या घरात सर्वांत वर वजन ठेवले होते ते छपराने. भूकंपानंतर उरलेली घरे मजबूत करण्यासाठी अभियंत्यांनी जो सल्ला दिला, तो इथे पुराव्यासारखा आहे. माळवदावरची माती कमी करा आणि पाणी अडवायला तिच्यात प्लॅस्टिकचा कागद घाला, असे त्यांनी सांगितले. पाणी थोपवण्याचे काम मातीकडून काढून घेताच मातीची जाडी उतरवता येते, हे त्यातून उघड झाले. माती इतकी चढली होती ती पाण्याच्या धाकाने. उन्हासाठी तेवढ्या जाडीची गरज नव्हती.

मुंबई-पुण्याच्या काँक्रीटच्या गच्चीने हा धडा गिरवला, असे म्हणवत नाही. लोखंडी सळ्यांच्या स्लॅबने छप्पर पातळ केले आणि कोब्याने ते पुन्हा जाड केले. आधीचा कोबा चुन्याचा: विटांची खडी आणि घाण्यात मळलेला चुना, त्यात गुळाचे नि हिरड्याचे पाणी, आणि मजूर बायकांनी रांगेत बसून थापीने दिवसचे दिवस केलेली कुटाई. सिमेंट आले तशी कुटाई गेली, आणि विटांचे तुकडे उभे रचून त्यांत सिमेंटचा माल भरलेला ब्रिकबॅट कोबा घरोघर झाला. उतार द्यायचा, वर सिमेंटचा हात फिरवून दोरीने चौकटी आखायच्या आणि पाणी साठवून ठेवायचे. सरासरी साडेचार इंच जाडीचा हा थर चौरस मीटरला 200 किलोंहून जास्त भरतो. त्याहून मोठा दोष असा की वीट पाणी पिते. वरच्या हाताला एक केसाएवढी चीर गेली की पाणी कोब्यात शिरते, आडवे पसरते आणि चिरेपासून चार खोल्या पलीकडे छतावर ओल दाखवते. मग मूळ जागा न सापडल्याने गच्चीवर दुसरा कोबा चढतो. माळवदाचीच रीत, फक्त माल बदलला.

युरोपातली वाट वेगळी, पण अडचण हीच. सायलेशियातल्या सॅम्युएल हॉयस्लर या पिंपे बनवणाऱ्या कारागिराने 1839च्या सुमारास डांबरी मिश्रणाने कागदाचे थर चिकटवून सपाट छप्पर केले; पण ते थर उन्हापासून वाचवायला वर वाळू आणि खडी पसरावी लागलीच. पुढे वास्तुकार ल कॉर्बुझियेने गच्चीला नव्या वास्तुकलेच्या पाच सूत्रांत बसवले आणि 1931मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या व्हिला साव्हॉयच्या मालकीणबाईंना पावसाळी गळतीच्या तक्रारींची पत्रे लिहीत बसावे लागले. 1928मध्ये बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ वस्तीत सपाट आणि उतरत्या छपरांच्या कैवाऱ्यांत जाहीर भांडण जुंपले. गळती हे सपाटपणाचे पाप, असे तेव्हा अनेकांनी म्हटले, आजही म्हणतात. मला ते पटत नाही. पुढच्या काळात बिघडलेल्या बऱ्याच छपरांमध्ये पाणी वरच्या जलरोधक पडद्यातून आत आलेच, शिवाय घरातली वाफ खालून चढून गार पडद्याखाली थिजली. आणि दोन्ही पाणी साठले ते मधल्या बूच, तंतू यांसारख्या हलक्या, सच्छिद्र उष्णतारोधकात. वजन कमी झाले होते, पण पाण्याला राहायला जागा मिळाली होती.

ही जागाच नाहीशी करणारा पदार्थ 1930च्या दशकात फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि अमेरिका इथे जवळजवळ एकाच वेळी आकाराला आला. काचेची बारीक पूड आणि थोडा कार्बन साच्यात घालून 800 अंशांच्या वर तापवला की काच मऊ होते, कार्बनचा वायू होतो आणि सगळा माल पावासारखा फुगतो. तो अगदी सावकाश थंड करतात. प्रत्येक बुडबुडा काचेने बंद, शेजाऱ्यापासून वेगळा. म्हणून पाणी किंवा वाफ आरपार जात नाही. तुकडा मोडला की आत कोंडलेल्या वायूचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. अमेरिकेत हे काम पिट्सबर्ग कॉर्निंग कंपनीने केले. ती 1937मध्ये काचेच्या विटा बनवण्यासाठी निघाली होती. युद्धकाळात तिच्या फुगवलेल्या काचेचा उपयोग छपराआधी तरंगण्याच्या साधनांत बुचाऐवजी झाला.

छपरावर या काचेचे ठोकळे गरम डांबरात बुडवून स्लॅबला पूर्ण चिकटवतात, सांधे डांबराने भरतात आणि वर पुन्हा डांबरी पडदा. स्लॅब, काच आणि पडदा यांत कुठेही पोकळी उरत नाही. पडदा फाटला तरी पाणी फाटल्या जागीच अडते. ठोकळे उतार धरून कापता येत असल्याने उतारासाठी वेगळा माल नको. काच उन्हाने जवळपास काँक्रीटइतकीच प्रसरण पावते, म्हणून थर एकमेकांना ओढत नाहीत. दाबाखाली ती चेपत नाही, त्यामुळे वर बाग किंवा वाहनतळ करता येतो.

आक्षेप आहेतच. ही काच ठिसूळ आहे. उघड्या कापलेल्या बुडबुड्यांत साठलेले पाणी गोठले तर पृष्ठभाग झडतो, म्हणून डांबराचा लेप चुकवून चालत नाही. भट्टीला इंधन लागते आणि किंमत प्लॅस्टिकच्या फोमपेक्षा बरीच जास्त. पडद्याच्या वर फोम टाकून त्यावर फरशा दाबल्या तर स्वस्तात काम होते, असेही म्हणता येईल. होते, पण फोम वाऱ्याने उचलू नये म्हणून फरशीचे वजन लागते, आणि फोम जळतो, काच जळत नाही. शिवाय माती दिवसाची उष्णता साठवून रात्री सोडते, ते काच करत नाही. पण काँक्रीटचा स्लॅब खाली असताना साठवण त्याच्याकडे सोपवता येते. किमतीचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. साध्या गच्चीला ही काच आज परवडणारी नाही. जिथे छप्पर उकलून पुन्हा करणे जवळजवळ अशक्य असते, अशी संग्रहालये, रुग्णालये, शीतगृहे ही तिची खरी जागा. तिथे तिच्या 10 सेंटिमीटरच्या थराचे वजन चौरस मीटरला 10 ते 13 किलो भरते, आणि उष्णतेची वाहतूक रोखण्यात तो माळवदाच्या मीटरभराहून अधिक मातीला भारी पडतो.