शब्दवेध : गेज

पावसाळ्यात वेल्ह्यातले गुंजवणी असो वा भोरचे भाटघर, धरण किती भरले याचीच चर्चा. पातळी मोजायची ती ‘गेज’. तिचा शून्य तळाशी धरा की समुद्रसपाटीशी, आकडे बदलतील, पाणी नाही. ते खाली कोसळते उंचीच्या फरकामुळे.

भौतिकीतले ‘गेज’ याच घरातले. लांबीचे एकक ठिकठिकाणी वेगळे धरले तरी निसर्गनियम तेच राहावेत, असे १९१८ साली जर्मन गणितज्ञ हेर्मान वाइलने मांडले. त्याने वापरलेला जर्मन शब्द वजनमापे प्रमाणित करण्याचा, म्हणजे आपल्या आठवडे बाजारातल्या शिक्का मारलेल्या वजनांच्या मुलखातला. ‘गेज’ हे त्याचे इंग्रजी रूप. आइनस्टाइनने लगेच हरकत घेतली. १९२९ मध्ये वाइलने तीच कल्पना लांबीवरून काढून इलेक्ट्रॉनच्या तरंगाला लावली. मापाचा संबंध सुटला, नाव राहिले. शब्द असे चिवट असतात!

माप बदलले तरी नियम न बदलणे, ही गेज सममिती. तिच्यापायी जे बलवाहक कण मानावे लागतात, ते गेज बोसॉन. (बोसॉन हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून, ठेवले डिरॅकने.) सममिती शाबूत तर कण फोटॉनसारखा वस्तुमानहीन, मोडली की जड. १९८३ मध्ये सर्न प्रयोगशाळेत सापडलेला असा जड कण, झेड, प्रोटॉनच्या सुमारे ९७ पट भरतो. अतिसममितीच्या, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण मानणाऱ्या, काही प्रारूपांत आणखी एक गेज सममिती मोडते आणि त्याहून जड ‘झेड-प्राइम’ निघतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या सर्नच्या सीएमएस प्रयोगातही त्याचा शोध घेतला गेला. अजून तो सापडलेला नाही.