क्लेरेनोरेची जगप्रदक्षिणा

गाडीतच चूल, गाडीतच अंथरूण असं चालतं घर घेऊन जग फिरायला निघालेली माणसं हल्ली मोबाईलवर दिसतात. पण मोटारीने जगाला पहिली फेरी घातली म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती एक जर्मन मुलगी होती. ही गोष्ट जवळपास शंभर वर्षांपूर्वीची. आज आम्ही तिच्या तयारीविषयी जरा जास्त बोलणार आहोत.

क्लेरेनोरे स्टिनेस तिचं नाव, जन्म १९०१ चा. वडील ह्यूगो स्टिनेस हे जर्मनीतले फार मोठे उद्योगपती. म्हणजे मुलगी श्रीमंताघरची, हे आधीच सांगून टाकतो. पण १९२४ साली वडील गेले आणि उद्योगाची सूत्रं भावांच्या हाती आली. जगप्रवासासाठी घरून पैसा मिळाला नाही. घरात तिजोरी असते, पण किल्ली आपल्या हाती नसते. हे आपल्या गटातल्या बायांना वेगळं समजावून सांगायला नको!

तिच्याकडे स्वतःची कमाई एकच होती, ती म्हणजे नाव. १९२७ पर्यंत तिने मोटारींच्या १७ शर्यती जिंकल्या होत्या. त्या नावावर ती आडलर, बॉश अशा जर्मन कंपन्यांच्या दारात गेली आणि १,००,००० मार्क उभे केले. कंपन्यांनी हे काही दानधर्म म्हणून दिलं नाही. आपला माल जगभर टिकतो हे त्यांना दाखवायचं होतं. तिला पैसा हवा होता, त्यांना जाहिरात. व्यवहार चोख होता.

मग कागदपत्रं. इतक्या देशांच्या सीमा ओलांडायच्या, तर प्रत्येक नाक्यावर अडवणूक होणारच. परराष्ट्रमंत्री श्ट्रेझेमान यांच्या मदतीने तिने राजनैतिक पासपोर्ट मिळवले. गाडी घेतली आडलर कंपनीची, ५० अश्वशक्तीची. सोबत सामानाचा ट्रक, दोन मेकॅनिक आणि एक कुत्रा. ट्रक म्हणजे चालतं कोठीघरच. सुटे भाग, हत्यारं, पिस्तुलं, शिदोरीला १२८ उकडलेली अंडी! आणि हो, समारंभात घालायचे तीन झगेही. आम्हाला तिचं हे फार आवडलं. रानावनातून जायचं असलं तरी वाटेत वकिलातीतही जेवायला बसावं लागेल, हे तिने आधीच धरलं होतं.

प्रवासाचं चित्रीकरण करायला कार्ल-अ‍ॅक्सेल सोडरस्ट्रॉम नावाचा स्वीडिश माणूस घेतला. त्याची नि तिची ओळख निघण्याच्या दोनच दिवस आधीची.

२५ मे १९२७ रोजी फ्रँकफर्टहून गाड्या निघाल्या. बाल्कन देश, दमास्कस, बगदाद, तेहरान करत मॉस्को गाठलं, तोवर दोघेही मेकॅनिक साथ सोडून गेले होते. इतका हिशेब केला, पण माणसांच्या दमाचा हिशेब कागदावर बसत नाही. पुढची दुरुस्ती या दोघांनाच करावी लागली. सायबेरियात बैकाल सरोवर गोठण्याची वाट बघत थांबले, मग बर्फावरूनच गाड्या पलीकडे नेल्या. तिथून गोबीचं वाळवंट, बीजिंग, जपान. पॅसिफिक महासागर जहाजाने ओलांडला. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात तर रस्ताच नव्हता. सुरुंग लावून खडक फोडले, आणि गावकऱ्यांनी दोर लावून गाडी ओढली. त्या गावकऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवलेली आमच्या वाचनात आली नाहीत.

पुढे उत्तर अमेरिका. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी तिची भेट घेतली. २४ जून १९२९ रोजी ती बर्लिनला पोचली. सुमारे ४७,००० किलोमीटर, दोन वर्षं आणि एक महिना.

१९३० च्या डिसेंबरात तिने सोडरस्ट्रॉमशी लग्न केलं. दोघं स्वीडनला गेले, तिथे शेती केली. स्वतःची तीन मुलं, शिवाय सांभाळायला घेतलेली आणखी काही. १९९० साली ती वारली, तेव्हा ८९ वर्षांची होती.