तुरीच्या भावातून अर्थधोरणाकडे: एक प्रस्तावना

अर्थधोरण म्हटले की दिल्लीतील मंत्रालये, मुंबईतील रिझर्व्ह बँक आणि आकड्यांचे तक्ते डोळ्यांसमोर येतात, आणि हा विषय आपला नव्हे असे वाटून पुष्कळ सुजाण वाचक दूर राहतात. त्यांच्यासाठी इथे एक वेगळी वाट सुचवायची आहे. ती औराद, भालकी, बसवकल्याण आणि आळंद तालुक्यांतून जाते. 1956 साली हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली आणि बिदर, कलबुर्गीचा हा मुलूख आजच्या कर्नाटकात गेला. पण अनेक घरांतली मराठी आणि उदगीर-लातूरच्या मोंढ्याशी असलेला व्यवहार टिकून राहिला.

हा सारा पट्टा तुरीचा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने निवडलेला, मर रोगाला तोंड देणारा ‘मारुती’ वाण 1986 मध्ये कर्नाटकासाठी प्रसारित झाला. 2019 मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पैसा, इंधन आणि अन्न यांची जागतिक संकटे समजून घ्यायला या पिकाइतका चांगला मार्गदर्शक क्वचितच मिळेल.

2008 मध्ये ही तिन्ही संकटे एकदम आली. जुलैत कच्चे तेल पिंपामागे 147 डॉलरवर पोचले, धान्य महागल्याने अनेक देशांत लोक रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळली. तेल महागले की खत आणि वाहतूक महागते, आणि अन्नाचे पीक इंधनाकडे वळू लागते. वायदेबाजारातल्या पैशाने भाव आणखी भडकतात का, हा प्रश्न भारतात तुरीच्याच निमित्ताने आला होता. जानेवारी 2007 मध्ये तूर आणि उडदाचे वायदे बंद झाले. पण हा प्रश्न तपासण्यासाठी नेमलेल्या अभिजित सेन समितीला 2008 च्या अहवालात वायदे आणि भाववाढ यांचा निश्चित संबंध सांगता आला नाही.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला आणि शहरांत तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली. सरकारने 2016 च्या खरिपासाठी बोनससह क्विंटलला 5,050 रुपये हमीभाव जाहीर केला आणि त्याच जुलैत मोझांबिकशी पाच वर्षांचा आयात करार केला. पाऊस चांगला झाला, पेरा वाढला, देशाचे उत्पादन सुमारे 26 लाख टनांवरून 48 लाख टनांच्या पुढे गेले. रास घरी आली तेव्हा बाजारातला भाव हमीभावाच्याही खाली होता. आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्ट 2017 मध्ये. मे 2021 मध्ये आयात पुन्हा खुली झाली.

यातला एकेक निर्णय सुटा पाहिला तर समजण्याजोगा आहे. महागाईने पोळलेल्या ग्राहकाला दिलासा हवाच. अडचण वेळेची आहे. मृगात पेरलेली तूर हाती यायला डिसेंबर-जानेवारी उजाडतो, सरकारी अधिसूचना मात्र रातोरात बदलते. म्हणून धोरणसुधारणेची पहिली पायरी आमच्या मते साधी आहे: आयात, साठा आणि खरेदी यांचे नियम पेरणीआधी जाहीर व्हावेत आणि काढणी उरकेपर्यंत पाळले जावेत. मध्येच पाऊस फसला तर ग्राहकासाठी राखीव साठा आहे. 2016 मध्ये डाळींच्या 20 लाख टनांच्या साठ्याला मंजुरी मिळाली ती याच हेतूने.

इंधनाची बाजूही याच शेतात दिसते. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. युरियासाठी मात्र नैसर्गिक वायू लागतो आणि त्याचा मोठा भाग आपण आयात करतो. डाळींचा भाव ठरवताना खत-पाण्याची ही बचतही मोजावी, असे अरविंद सुब्रमणियन समितीने 2016 मध्ये सुचवले होते. शेजारच्या उसाला कारखाना आहे, ठरलेला दर आहे, इथेनॉलचे गिऱ्हाईक आहे. तरीही डिसेंबर 2023 मध्ये ऐन गाळपात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली आणि वेळेचा तोच प्रश्न तिथेही उभा राहिला.

पैशाच्या बाबतीत बिदरकडे अभिमानाने पाहावे. इथल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने गावोगावच्या सोसायट्यांमार्फत महिलांचे बचत गट जोडले, आणि एकमेकींच्या विश्वासावर कर्ज देता येते व ते परतही येते, हे दाखवले. हाच विचार गोदामात ठेवलेल्या तुरीवरच्या कर्जापर्यंत नेला, तर पडत्या भावात माल विकण्याची घाई शेतकऱ्याला करावी लागणार नाही.

नव्या वाचकांनी एक सवय लावून घ्यावी. सरकारी निर्णयाची तारीख वाचली की त्या दिवशी शेतात काय उभे होते आणि बाजारात काय भाव होता, हे शेजारी लिहावे. मग अहवाल उघडावेत. ते पूर्वीइतके अवघड वाटणार नाहीत. तुम्ही पुण्यात डाळ विकत घेत असाल किंवा आळंदला तूर पिकवत असाल, या निर्णयांबद्दल प्रश्न विचारण्याचा अधिकार तुमचा आहे. तो अभ्यासाने वापरणारे वाचक वाढले, तर नियम पेरणीआधी जाहीर करण्याची मागणीही अधिक जोराने मांडता येईल.