पोटमाळ्याचा जमाखर्च

मराठी साहित्यातील चाळ हा आपल्या अभ्यासक्रमातला नेहमीचा विषय आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) पासून जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) पर्यंतची नावे उत्तरपत्रिकांत ठरलेल्या क्रमाने येतात. त्यांच्याबरोबर ठरलेले शब्दही येतात: एकोपा, शेजारधर्म, लोपत चाललेली संस्कृती. या शब्दांत खोटे काही नाही. मात्र एका खोलीत सात-आठ माणसे निजत कशी, मुलाचे लग्न ठरल्यावर त्या खोलीचे काय केले जाई आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून येई, हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मुंबईत घर वाढवण्याच्या खर्चालाही एक इतिहास आहे. तो कायद्याच्या कलमांत, सरकारी पाहण्यांत आणि सुताराच्या कामात विखुरलेला आहे. तो थोडक्यात जुळवून पाहण्याचा हा प्रयत्न.

कोकणातून किंवा घाटावरून मुंबईस आलेल्या माणसाला घर वाढवणे अपरिचित नव्हते. गावी कुटुंब वाढले की मागे एखादी पडवी निघे. भावांच्या वाटण्या झाल्या की मधे भिंत पडून दुसरी चूल मांडली जाई. जागा आपली, दगडमाती आणि लाकूड जवळपासचे, आणि हातभार लावायला भावकी असे. रोख पैसा लागे तो मुख्यतः गवंडी-सुताराच्या मजुरीला. मुंबईत यांतले काहीच हाताशी नव्हते. जमीन दुसऱ्याची, भिंती दुसऱ्याच्या, वरच्या छतावर आणखी एक कुटुंब राहणारे. येथे घर वाढवायचे तर ते घराच्या आतच वाढवावे लागे.

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईतील दाट वस्तीचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ च्या कायद्याने सुधार ट्रस्ट स्थापन झाला. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, विकास खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळींत सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. खोलीचे क्षेत्रफळ १६० चौरस फूट. याच सुमारास मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार ९७ टक्के कामगार कुटुंबे एका खोलीत राहत होती. खर्चाची खाती पाच: अन्न, इंधन व दिवाबत्ती, कपडे, घरभाडे आणि किरकोळ. अन्नावर ५६.८ टक्के, घरभाड्यावर ७.७ टक्के. घर वाढवण्याचे खाते या यादीत नाही. ते असणारही नव्हते, कारण भाडेकरूला घर असते ही कल्पनाच या वर्गवारीत बसत नव्हती. त्याला फक्त भाडे असते.

प्रत्यक्षात मात्र खोल्या वाढत होत्या. त्यांच्या वाढीच्या दिशा तीन. पहिली वर: खोलीच्या उंचीत पोटमाळा घालणे. दुसरी आत: पार्टिशन घालून एकीच्या दोन करणे. तिसरी बाहेर: गॅलरीचा आपल्या दारासमोरचा तुकडा कठड्यापर्यंत आपलासा करणे. खोली दहा बाय सोळाची धरली, तर पाच फूट रुंदीचा माळा पन्नास चौरस फुटांची भर घालतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश घर नव्याने मिळते. या माळ्यावर ताठ उभे राहता येत नाही. तेथे बसावे, निजावे किंवा अभ्यास करावा. हवा खेळती राहावी म्हणून खोलीला जी उंची ठेवलेली होती, तीच अशा रीतीने अंथरुणासाठी खर्ची पडली.

या खर्चाला निमित्त होई ते बहुधा लग्नाचे. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या चित्रपटाचे आणि त्यावरून बासू चटर्जी यांनी केलेल्या 'पिया का घर' (१९७२) या हिंदी चित्रपटाचे सारे कथानक या एका अडचणीवर उभे आहे: भरलेल्या घरात नवविवाहितांना एकांत नाही. प्रेक्षक त्यावर हसले, कारण प्रसंग त्यांच्या घरातला होता. पार्टिशनच्या फळ्यांची किंमत बाजारात काढता येई. त्या फळ्यांमुळे मिळणाऱ्या आडोशाची किंमत जमाखर्चाच्या वहीत लिहिण्याची सोय नव्हती.

या साऱ्या व्यवहाराला निश्चित वळण दिले ते १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने. त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि भाडी जवळजवळ तेथेच गोठली. महागाई वाढत गेली तसा भाड्याचा बोजा हलका होत गेला, आणि सुस्थिर नोकरी असलेल्या कुटुंबाला घरावर चार पैसे खर्च करणे शक्य झाले. परंतु त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात एक अट होती. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर ते त्याला जागेतून काढण्याचे कारण ठरू शकत असे. म्हणजे एका हाताने कायद्याने भाडेकरूला घर वाढवण्याची ऐपत दिली आणि दुसऱ्या हाताने ते पक्के बांधण्याची मनाई केली.

मुंबईच्या घरांतली लाकडाची, प्लायवूडची आणि पत्र्याची रेलचेल केवळ स्वस्ताईतून आलेली नाही. वीट 'कायम' ठरण्याचा धोका होता. खिळ्यांवर आणि स्क्रूंवर उभे असलेले लाकूड 'तात्पुरते' म्हणता येई. बांधकाम कायम की तात्पुरते, हे ठरवताना न्यायालये ते इमारतीला कसे जोडले आहे, मूळ वास्तूला इजा न करता काढता येते काय आणि करणाऱ्याचा हेतू काय होता, हे पाहत आली. काढता येण्याजोगे दिसेल असे बांधायचे आणि पिढ्यान्‌पिढ्या काढायचे नाही, असा हा प्रकार होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातील याच विषयावरचे स्पष्टीकरण आपल्यासारख्या साहित्याच्या वाचकांनीही वाचण्यासारखे आहे. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळीकाम, वाऱ्यासाठी काढलेली खिडकी, खोटे छत, धुराडे वगैरे गोष्टी कायम बांधकाम समजू नयेत, असे ते सांगते. बसून रांधणारी बाई उभी राहिली, हा घरातला मोठा बदल. त्याची नोंद भाडे कायद्याच्या एका तळटीपवजा वाक्यात सापडते. पोटमाळ्याचे नाव मात्र या यादीत नाही.

असा माळा घालू पाहणाऱ्या कुटुंबाचे अंदाजपत्रक कसे असे? लाकूड, फळ्या, खिळे, सुताराची मजुरी ही उघड खाती. त्यांच्याशेजारी न लिहिलेली खाती असत. मालकाची संमती लेखी मिळणे कठीण, म्हणून तोंडी होकारासाठी मोजावे लागणारे पैसे हे पहिले. पालिकेच्या १८८८ च्या कायद्याप्रमाणे वास्तूत भर घालण्यापूर्वी सूचना द्यावी लागे, आणि विनापरवाना कामाला कलम ३५१ ची नोटीस येऊ शकत असे. त्या भीतीचे खाते दुसरे. तिसरे शेजाऱ्यांचे: खालच्याचे छत हादरणार, बाजूच्याचा उजेड अडणार. ही भरपाई पैशांत होत नसे. उद्या त्याने माळा घातला तर आपण बोलायचे नाही, असा तो करार असे. ज्याला आपण शेजारधर्म म्हणतो, त्याचा काही भाग असा परस्परांच्या मौनाचा होता, हे मान्य केल्याने त्याचे मोल कमी होत नाही.

पैसा उभा राही तो भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून, कामगारांच्या पतपेढीच्या कर्जातून, बायकांच्या भिशीतून आणि शेवटी गहाण पडलेल्या दागिन्यांतून. बँकेला तारण म्हणून दाखवायला भाडेपावतीपलीकडे काही नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातील कितीतरी घरांत पतपेढीच्या हप्त्याचा हा आधारच नाहीसा झाला.

मग हा खर्च वाया जाई काय? तसे म्हणता येत नाही. भाडेहक्क दुसऱ्याला देताना पागडी घेतली जाई. १९४७ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती, आणि १९९९ च्या कायद्याने ती मान्य केली. मधली पन्नास वर्षे हा व्यवहार उघड गुपितासारखा चालला. माळा आहे काय, मोरी आत आहे काय, हे पागडी ठरवताना पाहिले जाई. कायद्याच्या लेखी जे नव्हते, त्याला बाजारात भाव होता.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. गोठलेल्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती, आणि जुन्या तुळयांवर माळ्यांचा भार चढत होता. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. उपकरप्राप्त म्हणून गणलेल्या इमारती १९,६४२ होत्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले, आणि नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. भाडेकरूने आपल्या खोलीपुरते घर वाढवले. समाईक जिना, खांब, संडास यांचे खाते कोणाचेच राहिले नाही. पावसाळ्यात इमारती कोसळल्या, तेव्हा त्या न भरलेल्या खात्याची वसुली झाली.

फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या मध्यमवर्गाने हीच रीत बरोबर नेली. तेथे मर्यादा चटई क्षेत्र निर्देशांकाची: १९९१ च्या नियमावलीत शहरासाठी १.३३, उपनगरांसाठी १. बाल्कनी ठरावीक प्रमाणात या मोजणीबाहेर असे आणि शुल्क भरून ती बंदिस्त करता येई. साहजिकच बाल्कन्यांच्या खोल्या झाल्या. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून असे क्षेत्र मोजणीत धरण्यात आले. चाळीतली गॅलरी आणि फ्लॅटमधली बाल्कनी यांत वर्गाचा फरक आहे, पण दोन्हींचा हिशेब एकच: कागदावर नसलेली जागा राहण्यासाठी मिळवणे.

आता हा कागदच निर्णायक झाला आहे. पुनर्विकासात मूळ क्षेत्र मोजले जाते. झोपडपट्टी पुनर्वसनात खालच्या झोपडीधारकाची पात्रता पाहिली गेली. वर चढवलेल्या माळ्यावर राहणारे बहुधा बाहेर राहिले. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या: १६० चौरस फुटांच्या जागी ५००. या आनंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही. शंभर वर्षांत प्रथमच घर वाढण्याचा खर्च त्या कुटुंबांच्या वहीत पडला नाही. परंतु १६० या आकड्यात त्यांनी आजवर स्वतःच्या पैशाने मिळवलेले पन्नास फूट कोठेच नाहीत, हेही लक्षात ठेवावे लागते.

चाळी पाडल्या जात आहेत तसतशा या इतिहासाची साधनेही जात आहेत. भाडेपावत्या, पतपेढीची पासबुके, सुताराच्या हिशेबाचे चिठोरे यांना कोणी दफ्तर मानत नाही. आपल्या वर्गांत या घरांतून आलेली मुले अजून बसतात. 'चाळसंस्कृती'वर निबंध लिहायला सांगण्याऐवजी घरातल्या माळ्याचा खर्च कोणी, कधी आणि कशासाठी केला, एवढे आजीला विचारून या, असे त्यांना सांगता येईल. त्या पन्नास फुटांवर कोणी निजले, कोणी दहावीचा अभ्यास केला, कोणी संसार सुरू केला. त्याची निदान एक नोंद तरी वहीत व्हायला हवी.